उंबरठ्यावरचा अभ्यास : सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव कोठे मिळतो?

पल्स पोलिओ मोहिमेत लसीकरण पथके घरोघरी जातात, तेव्हा प्रत्येक घरातून निघताना दाराशेजारी खडूने एक खूण करतात. घरातील पाच वर्षांखालील सर्व बालकांना डोस मिळाला असेल, तर इंग्रजी ‘पी’ हे अक्षर लिहिले जाते. एखादे बालक राहून गेले असेल, दाराला कुलूप असेल किंवा पालकांनी नकार दिला असेल, तर ‘एक्स’ हे अक्षर लिहिले जाते. ‘पी’ची दारे मोजून दिवसाचा अहवाल तयार होतो, दुसऱ्या दिवसाचे खरे काम मात्र ‘एक्स’च्या दारांपाशी सुरू होते. बालक का राहिले, ते गावाला गेले होते की आजारी होते, पालकांच्या मनात कोणती शंका होती, याचा शोध घेत पथकाला पुन्हा त्याच उंबरठ्यावर जावे लागते. देशातील नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशामागे ‘एक्स’च्या दारांवर पुन:पुन्हा गेलेल्या कार्यकर्त्यांचे श्रम आहेत. त्यांत वैद्यकीय, परिचर्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचाही वाटा होता.

सार्वजनिक आरोग्य या विषयाचे मर्म या खुणेत सामावलेले आहे. रुग्णालयात जो येतो, तो डॉक्टरांना दिसतो. जो येत नाही, त्याची तेथे नोंद नसते. सार्वजनिक आरोग्याला मात्र न आलेल्या माणसाचाच हिशेब अधिक ठेवावा लागतो. म्हणूनच हा विषय केवळ व्याख्यानांतून शिकवता येत नाही. पदवीच्या टप्प्यावर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाची कोणती संधी मिळते, ती कशी घडत गेली आणि तिचे मोल कशावर ठरते, याचा हा आढावा.

भोर समितीपासूनचा प्रवास

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण दीर्घकाळ प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर राहिले. कोलकाता येथील अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ मध्ये स्थापन झाली. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष गावात शिकता यावे, यासाठी या संस्थेने हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे ग्रामीण आरोग्य केंद्र विकसित केले. पदवी स्तरावर हा विषय मुख्यत्वे वैद्यकीय अभ्यासक्रमातील ‘सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्र’ या नावाने शिकवला जात असे. आज त्यालाच ‘समुदाय वैद्यकशास्त्र’ म्हणतात. परिचर्या, दंतवैद्यक, समाजकार्य आणि पोषणशास्त्र या पदव्यांमध्येही त्याचे अंश आहेत.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात भावी डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ असावा, अशी भूमिका मांडली आणि त्यासाठी प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली. पुढे १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण दिशा देणारी ‘रोम’ या संक्षिप्त नावाची योजना आली. वैद्यकीय महाविद्यालयांनी ग्रामीण विकास गटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी आणि विद्यार्थ्यांना तेथे शिकवावे, ही कल्पना तीत होती. फिरत्या दवाखान्यांची वाहनेही महाविद्यालयांना मिळाली. तथापि योजना अपेक्षेइतकी रुजली नाही. बाहेरून येऊन त्याच दिवशी परत जाणाऱ्या वाहनाशी गावाचे नाते जुळत नाही, हा त्या अनुभवातून घेण्याजोगा धडा होता.

कुटुंब दत्तक कार्यक्रम

हा धडा लक्षात घेता सध्याची सर्वांत व्यापक संधी म्हणजे कुटुंब दत्तक कार्यक्रम होय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये तो एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला. प्रत्येक विद्यार्थ्याकडे पहिल्याच वर्षी काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढील टप्प्यांतही त्याच कुटुंबांना भेटी द्यावयाच्या असतात. तीन टप्प्यांत मिळून या कामासाठी ७८ तास राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक भेट तीन तासांची धरली, तर २६ भेटी होतात.

या भेटींमध्ये विद्यार्थी कुटुंबातील व्यक्तींची नोंद करतो, पाण्याचा स्रोत, शौचालय व स्वयंपाकाचे इंधन यांची माहिती घेतो, रक्तदाब व वजन तपासतो, लसीकरणाच्या नोंदी पाहतो आणि आवश्यक तेथे आरोग्य केंद्राकडे जाण्याचा सल्ला देतो. हे सर्व शिक्षकांच्या देखरेखीखाली होते. स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो.

एकाच कुटुंबाकडे पुन्हा जाण्याने काय साधते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. परीक्षेसाठी हा आकडा पाठ करणे सोपे आहे. समजा, पहिल्या भेटीत विद्यार्थिनीला एका गृहिणीचे हिमोग्लोबिन कमी आढळले आणि आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दोन महिन्यांनी ती पुन्हा गेली, तेव्हा गोळ्यांची पाकिटे फळीवरच्या डब्यात तशीच होती. चौकशीअंती कळले, की गोळी घेतल्यावर मळमळते, शौचाचा रंग काळा होतो म्हणून घरच्यांना भीती वाटते, आणि घेतलीच तर ती सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते. चहामुळे लोहाचे शोषण कमी होते, हे पुस्तकात आहे. पण चहाची वेळ हीच त्या बाईला दिवसभरात मिळणारी एकमेव उसंत आहे, हे पुस्तकात नाही. गोळी जेवणानंतर, रात्री निजताना घेण्याचा साधा तोडगा दोघींच्या बोलण्यातून निघतो. तो लागू पडला की नाही, हे मात्र तिसऱ्या भेटीतच कळते.

पहिल्या भेटीत माहिती मिळते, दुसऱ्या भेटीत कारण समजते आणि तिसऱ्या भेटीत स्वतःच्या सल्ल्याची परीक्षा होते. एकदाच होणाऱ्या सर्वेक्षणातून यांपैकी फक्त पहिली पायरी हाती लागते.

सेवाग्राम, वेल्लोर आणि बल्लभगड

ही पद्धत सर्वस्वी नवी नाही. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षीच विद्यार्थी त्या गावात निवासी शिबिरासाठी राहतात आणि त्यांच्याकडे सोपवलेल्या कुटुंबांशी पुढेही संपर्क ठेवतात. तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातही विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या काळात गावात मुक्काम करून घराघरांची पाहणी करतात.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १९६५ मध्ये हरियाणातील बल्लभगड येथे ग्रामीण आरोग्य सेवा प्रकल्प सुरू केला. छाईंसा आणि दयालपूर या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या नोंदी सातत्याने ठेवल्या जातात. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला एक महत्त्वाची गोष्ट उमगते. रोगाचे प्रमाण सांगण्यासाठी केवळ रुग्णांची संख्या पुरेशी नसते. ते रुग्ण किती लोकसंख्येतून आले, हा छेदही ठाऊक असावा लागतो. आणि हा छेद दारोदार फिरूनच मिळतो.

या छेदाचे सामर्थ्य महाराष्ट्राने गडचिरोलीत पाहिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावागावांतील प्रत्येक जन्माची व बालमृत्यूची नोंद घेतली. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी ३९ गावांमध्ये नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. घरोघरच्या नवजात काळजीची कल्पना पुढे देशपातळीवरील कार्यक्रमात समाविष्ट झाली आणि ‘आशा’ कार्यकर्तींच्या कामाचा भाग बनली. नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्पही गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवण्यासाठी जगभर ओळखला जातो. या दोन्ही ठिकाणी शिकणाऱ्याला कळते, की गावात गुरू डॉक्टरच असतो असे नाही.

हातांनी शिकण्याच्या गोष्टी

क्षेत्रकार्यात विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो, याची सर्वसामान्यांना फारशी कल्पना नसते. वरवर पाहता ही कामे किरकोळ वाटतात; त्यांतले शास्त्र करतानाच कळते.

पहिले उदाहरण पाण्याचे. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकली, एवढ्याने पाणी निर्धोक ठरत नाही. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतली जाते. काचेच्या नळीतील पाण्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली, तर क्लोरीन शिल्लक आहे, असे समजतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा. टाकीजवळच्या नळाला गडद पिवळा रंग येतो आणि वस्तीच्या टोकाच्या नळाला रंगच येत नाही, हे विद्यार्थी स्वतः पाहतो, तेव्हा गावाच्या कोणत्या टोकाला अतिसाराचे रुग्ण अधिक असण्याचा संभव आहे, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण अंगणवाडीचे. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. पट्टी सैल धरली अथवा अधिक आवळली, तर काही मिलिमीटरांचा फरक पडतो आणि तेवढ्याने एखादे बालक उपचाराच्या यादीतून वगळले जाऊ शकते. अचूक मोजमाप हा येथे केवळ गुणांचा प्रश्न राहत नाही.

तिसरे उदाहरण डासांचे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठवड्याभरात पूर्ण होते. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून पाण्याची भांडी रिकामी करण्यास सांगितले जाते. विद्यार्थी विजेरी घेऊन पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, शीतकपाटामागचा ट्रे आणि छतावरचे टायर तपासतात. पाहिलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या आढळल्या, यावरून गृहनिर्देशांक काढतात. पण ज्या वस्तीत नळाला चार दिवसांआड पाणी येते, तेथे भांडी रिकामी करण्याचा सल्ला कोण मानणार? घट्ट झाकणाचा किंवा कापड बांधण्याचा पर्याय सुचवावा लागतो.

चौथे उदाहरण नमुना निवडीचे. लसीकरणाची व्याप्ती मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेल्या पद्धतीत ३० समूह निवडून प्रत्येकात १२ ते २३ महिने वयाची सात बालके, म्हणजे एकूण २१० बालके पाहिली जातात. सोयीची, रस्त्यालगतची घरे निवडण्याचा मोह येथे आवरावा लागतो. कारण आडबाजूची घरे टाळली, तर व्याप्ती प्रत्यक्षाहून अधिक दिसते.

इतर पदव्यांच्या विद्यार्थ्यांसाठी

ही संधी केवळ वैद्यकीय विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाही. बी.एस्सी. नर्सिंगमध्ये समुदाय आरोग्य परिचर्या हा प्रमुख विषय असून गृहभेटींचा सराव त्यात येतो. भेटीची पिशवी कोठे ठेवावी, खाली कागद कसा अंथरावा, साहित्य काढण्यापूर्वी हात कधी धुवावेत, याचा ठरलेला क्रम असतो. एका घरातील जंतुसंसर्ग दुसऱ्या घरात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होय. समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमांतही संस्थांमधील क्षेत्रकार्य अनिवार्य असते.

कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांना १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा मार्ग खुला आहे. तीत दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यातही उन्हाळी प्रशिक्षण आणि समाजाशी निगडित कामाला स्थान आहे. युवकांसाठी ‘सर्च’ने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ या उपक्रमातही विविध शाखांचे तरुण सहभागी झाले आहेत.

संशोधनाची आवड असणाऱ्या वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ पासून अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना चालवली आहे. आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकासोबत दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करणे आणि अहवाल सादर करणे, असे तिचे स्वरूप आहे. प्रश्न लहान निवडणे, नैतिक समितीची मान्यता घेणे आणि मिळालेले उत्तर अपेक्षेविरुद्ध असले तरी प्रामाणिकपणे मांडणे, ही शिस्त त्यातून लागते.

एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या आंतरवासितेतही समुदाय वैद्यकशास्त्रासाठी स्वतंत्र कालावधी असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीत तो १२ आठवड्यांचा ठरवण्यात आला. संकटकाळी हा अनुभव किती उपयोगी पडतो, हे कोविडच्या दुसऱ्या लाटेत दिसले. मे २०२१ मध्ये अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य लक्षणांच्या रुग्णांची दूरध्वनीवरून विचारपूस व देखरेख करण्याच्या कामात घेण्यास केंद्र सरकारने मुभा दिली.

कुटुंबाच्या पदरात काय पडते?

या साऱ्या चर्चेत एक पक्ष बहुधा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे ज्याच्या दारी हे शिक्षण घडते, ते कुटुंब. वैद्यकीय महाविद्यालयालगतच्या वस्त्यांमध्ये दरवर्षी नवी तुकडी तेच प्रश्न घेऊन येते. घरात माणसे किती, मिळकत किती, शौचालय आहे का, कोणाला मधुमेह आहे का. मागच्या वर्षीही हेच विचारून गेलात, त्याचे पुढे काय झाले, असा प्रतिप्रश्न झाला, तर त्याचे उत्तर विद्यार्थ्यापाशी असले पाहिजे.

कुटुंब आपला वेळ देते, खासगी माहिती देते, कधी रोजगारही बुडवते. याची परतफेड करण्याचे मार्ग साधे आहेत. भेटीची वेळ घरच्यांच्या सोयीने ठरवावी. माहिती कशासाठी हवी, हे त्यांच्या भाषेत सांगून संमती घ्यावी आणि उत्तर न देण्याचा त्यांचा हक्क मान्य करावा. एका घरातील गोष्ट शेजारच्या घरात बोलू नये. तपासणीत आढळलेली बाब कुटुंबाला सांगावी, कोणत्या केंद्रात कोणत्या दिवशी जावे, हे लिहून द्यावे आणि पुढील भेटीत त्याचा पाठपुरावा करावा. सर्वेक्षणाचे निष्कर्ष ग्रामसभेत अथवा गावाच्या आरोग्य समितीपुढे मांडावेत. स्थानिक ‘आशा’, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका यांना सोबत घ्यावे. विद्यार्थी निघून गेल्यावरही त्या तेथेच असणार आहेत.

असे न झाल्यास नुकसान केवळ त्या तुकडीचे होत नाही. फसगत झाल्याची भावना घेऊन ज्या दाराने विद्यार्थ्याला निरोप दिला, ते दार उद्या लसीकरण पथकासाठीही उघडेलच, याची शाश्वती नसते.

संधी निवडताना

कोणत्याही उपक्रमात नाव नोंदवण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी काही गोष्टींची खात्री करून घेणे हितावह ठरेल. त्याच घरांकडे किंवा त्याच वस्तीत पुन्हा जाण्याची तरतूद आहे काय? सोबत अनुभवी मार्गदर्शक असेल काय? स्थानिक भाषा येत नसल्यास कोणाची मदत मिळेल? गंभीर आजारी व्यक्ती आढळल्यास तिला कोठे पाठवावयाचे, हे आधीच ठरले आहे काय? आणि गोळा केलेली माहिती शेवटी कोणाच्या हाती जाणार आहे? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे असलेला लहानसा उपक्रमही केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या मोठ्या शिबिरापेक्षा अधिक शिकवून जातो.

प्राध्यापकांची अपुरी संख्या, वाहनांची अडचण आणि परीक्षेचे ओझे या मर्यादा महाविद्यालयांपुढे आहेत. त्यामुळे ७८ तासांचा कार्यक्रम केवळ नोंदवहीत पूर्ण होण्याचा धोका आहेच. तो टाळण्याची कसोटी फार अवघड नाही. शेवटच्या भेटीच्या दिवशी त्या कुटुंबाला विद्यार्थ्याचे नाव ठाऊक आहे काय, आणि त्याच्या येण्याने घरात कोणती एक गोष्ट बदलली, एवढे विचारले तरी पुरे.

रुग्णालयात रुग्ण डॉक्टरांच्या दारी येतो. सार्वजनिक आरोग्यात डॉक्टर, परिचारिका किंवा कार्यकर्ता लोकांच्या दारी जातो. आत यायचे की नाही, हे घरातील माणूस ठरवतो. ज्या विद्यार्थ्याला पदवीच्या काळातच ही परवानगी मागण्याची सवय लागली, तो पुढे कोणत्याही पदावर गेला, तरी ‘एक्स’ लिहिलेले दार ओलांडून पुढे जाणार नाही.